दुर्मिळ

"हा तुमचा आलेख, मॅडम," संचालक म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा मॅडमकडे वळवला.

मॅडमनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पडद्यावर एक निळी रेघ होती. डावीकडून निघून उजव्या कडेला पोचेपर्यंत तिनं विशेष कष्ट घेतलेले दिसत नव्हते.

"ही झोपलीय की काय?"

"थट्टा नका करू मॅडम. समितीपुढे हेच जाणार आहे." संचालकांनी बटण दाबलं. दुसरी रेघ उमटली, लाल, जिन्यासारखी चढत गेलेली. "ही शेजारच्या आतडीवाल्यांची. आणि ही..." तिसरी रेघ तर पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेरच निघून गेली होती. "ही हजारी सरांची. नुसती कल्पना यावी म्हणून दाखवली."

सायटेशनचे आलेख होते ते. आपल्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या किती जणांनी घेतला, त्याची ही मोजदाद. गेल्या काही वर्षांत संस्थेत माणसांची उंची याच पट्टीनं मोजायला लागले होते. हजारी सर या संस्थेतले नव्हते, राजधानीतल्या विद्यापीठात साथरोगांचे प्राध्यापक होते. त्यांच्या एकेका निबंधाचा आधार घेणारे हजारांनी निघत, म्हणून ते हजारी. खरं नाव त्यांच्या निबंधांवर छापलेलं असे, आणि तिथेच राही.

शेजारी आतड्यांतल्या जंतूंवर काम करणारे 'आतडीवाले', तशा मॅडम संस्थेत 'मातीवाल्या मॅडम'. उमेदवारीच्या काळात त्या पिशव्या भरभरून माती आणायच्या, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ठेवलेलं नाव होतं ते. पहारेकरी कधीच निवृत्त झाला, नाव कामावर राहिलं. मातीत राहणारा एक जंतू, तो माणसाच्या रक्तात शिरला की येणारा ताप, आणि तो ताप ओळखता न आल्यानं मरणारी माणसं, एवढ्याच विषयावर मॅडमनी सगळी नोकरी काढली होती.

"ज्यांची रेघ अमुक उंचीच्या खाली, त्या प्रयोगशाळा मोठ्या प्रयोगशाळेत विलीन होणार," संचालक म्हणाले. ते मॅडमपेक्षा वयानं लहान होते आणि हे बोलताना त्यांना पेपरवेट फिरवावासा वाटत होता. "तुमची खोली, फ्रीझर, सगळं आतडीवाल्यांकडे जाईल. तुम्हाला एक टेबल राहील. निवृत्तीपर्यंत."

"कोपऱ्यातलं?"

"कोपऱ्यातलंच बहुधा. पण यावर उपाय आहे." त्यांनी खणातून एक जाडजूड मसुदा काढला. "हजारी सरांचा नवा पेपर. तुमच्याच आजारावर. देशभरातल्या हॉस्पिटलांच्या नोंदी आहेत त्यात, फक्त त्यांना खरे जंतू हवेत, आणि ते तुमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. तुम्ही जंतू द्यायचे, ते सहलेखक म्हणून तुमचं नाव घालतील. समितीच्या बैठकीआधी पेपर स्वीकारला गेला की झालं. तुमची ही रेघ खडबडून उठेल बघा."

"वाचून सांगते."

"वाचायचं काय त्यात? तुमचाच तर विषय. सही करून टाका."

"न वाचता एकदा सही केली होती," मॅडम मसुदा पिशवीत घालत म्हणाल्या, "लग्नाच्या कागदावर. तेवढी पुरे."

घरी त्या जेवणाच्या टेबलाशीच वाचायला बसल्या. नवरा पलीकडे शब्दकोडं सोडवत होता. तो नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाला होता आणि आता घरातल्या कपाटांच्या जागा बदलून बघत असे. त्याची थोरली बहीण, म्हणजे मॅडमच्या वन्सं, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे कुणाचंही बोलणं मधेच तोडायचं त्यांना काही वाटत नसे.

"इतकं काय गं वाचतेस? परीक्षा आहे का उद्या?"

"तसंच समजा वन्सं. नाव घालू म्हणतायत माझं. मोठ्या पेपरात."

"मग घालू दे की! इतकी वर्षं मातीत हात घालून बसलीस, एकदा तरी नाव मोठं होऊ दे. तो शेजारचा आतडीवाला बघ, परदेशात जाऊन शाल पांघरून आला."

मॅडम हसल्या. वन्संचं चुकीचं नव्हतं. रेघ झोपलेली होती, हे त्यांना संचालकांनी सांगायची गरज नव्हती.

सुरुवात कुठून झाली ते त्यांना लख्ख आठवत होतं. तेव्हा त्या एका सरकारी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नुकत्या लागल्या होत्या. कालव्याच्या कामावरचा एक खणणारा क्षयाच्या वॉर्डात होता. गोळ्या चालू होत्या आणि तो दिवसागणिक खचत होता. त्याच्या रक्तातून काचेच्या प्लेटवर काहीतरी उगवलं, दोन दिवसांनी बघितलं तर साधे पांढरट ठिपके. मातीतला कचरा शिरलाय, असं म्हणून वरिष्ठांनी 'दूषित' असा शेरा मारला. प्लेट डब्यात जायची, पण जोडून सुट्ट्या आल्या आणि ती ओट्यावरच राहून गेली. सुट्टी संपवून मॅडम आल्या तेव्हा ते ठिपके कोरडे पडले होते आणि त्यांच्यावर बारीक बारीक सुरकुत्या आल्या होत्या, पिकल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारख्या. असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या प्लेट घेऊन धावत वॉर्डात गेल्या. खणणाऱ्याची खाट रिकामी झालेली होती, नवी चादर घातलेली.

त्यानंतर त्यांनी 'दूषित' प्लेटा फेकायचं सोडलं. वरिष्ठ चिडत. "घरी न्या मग, लोणचं घाला," म्हणत. वर्षं गेली, मॅडम हॉस्पिटल सोडून संस्थेत आल्या, तेव्हा कुठे पुरावा जमला. हा कचरा नव्हता. हाच मारेकरी होता. क्षयाचं सोंग घेऊन येत होता आणि क्षयाच्या औषधांना दाद देत नव्हता. निबंध पाठवला तर परत आला, हा जंतू तुमच्या भागात नाहीच म्हणून. दुसरीकडे पाठवला, तिथूनही आला. शेवटी एका लहानशा नियतकालिकानं छापला. त्यात मॅडमनी जंतू ओळखायची एक साधी रीत दिली होती. प्लेट लगेच फेकू नका, आठवडाभर ठेवा. आणि तिच्यावर तीन औषधांच्या कागदी चकत्या ठेवा. पहिल्या दोन औषधांना हा भीक घालत नाही, अगदी चिकटून वाढतो. तिसऱ्यापासून मात्र चार हात लांब राहतो. एवढं जमलं तर तो हाच. मोठं यंत्र नको, काही नको, कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं.

आणि ते होऊही लागलं, इथे तिथे. मॅडम सुट्ट्यांत बसनं हिंडून शिकवून यायच्या. पण ती रीत वापरणारे पेपर लिहीत नसत आणि पेपर लिहिणारे ती वापरत नसत. मग रेघ कुठून चढणार?

मसुद्याच्या मधल्या पानावर मॅडम थबकल्या. पुन्हा वाचलं. मग पेन्सिल घेऊन एका शब्दाभोवती गोल केला.

"काय झालं?" नवऱ्यानं कोड्यातून मान वर केली. त्याला बायकोचा श्वास ओळखता येत असे.

"हे लिहितायत, हा आजार आपल्याकडे दुर्मिळ आहे."

"नाहीये?"

"सापडत नाही, कारण सापडला की फेकून देतात! त्यांनी हॉस्पिटलांच्या नोंदी घेतल्या. नोंदीत काय येणार? 'दूषित'. आणि पुढे बघा, शिफारस केलीय. दुर्मिळ असल्यानं त्याचं औषध जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवायची गरज नाही. हजारी सरांनी लिहिलं म्हणजे ते दगडावरची रेघ. औषध ठेवणार नाहीत, मग शोधणारही नाहीत."

"आणि तुझं नाव त्याच्यावर."

"आणि माझं नाव त्याच्यावर."

वन्संनी पाय खाली सोडले. "मग नाही म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? फोन लाव त्याला."

"नुसतं नाही म्हणून भागायचं नाही वन्सं. मी नाही म्हटलं तरी पेपर निघेलच, माझ्या जंतूंशिवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी हजारी सरांना फोन लावला. पलीकडचा आवाज अपेक्षेपेक्षा मऊ होता.

"मॅडम! वाचलात? काही सुधारणा असली तर जरूर सांगा."

"एकच आहे सर. एक शब्द चुकलाय."

"कुठला?"

"दुर्मिळ."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर ज्या आजारावर काम केलं तो माणसाला सगळीकडे दिसायला लागतो. हे मी टोचून नाही म्हणत, माझंही होतं. पण इतक्या हॉस्पिटलांची आकडेवारी खोटी कशी असेल?"

"खोटी नाहीच. पण तुम्ही वह्या बघितल्यात, मी डबे बघितलेत. माझ्याबरोबर एका जिल्ह्याच्या हॉस्पिटलात चला. कुठलं ते तुम्ही निवडा, माझ्या ओळखीचं नको. तिथल्या प्रयोगशाळेला सांगा, 'दूषित' म्हणून बाजूला काढलेल्या प्लेटा आठवडाभर फेकू नका. मग आपण दोघं बसून बघू. काही निघालं नाही तर जंतू देते, सहीपण करते."

"आणि निघालं तर?"

"तर तुम्ही ठरवा. निष्कर्ष तुमचा आहे."

हे संचालकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, बैठक तोंडावर आलीय. हा माणूस तुम्हाला ताट वाढून देतोय आणि तुम्ही त्याची परीक्षा घेताय?"

"ताटात काय आहे ते बघितल्याशिवाय मी जेवत नाही," मॅडम म्हणाल्या. "सवय आहे. जंतूंबरोबर राहून लागलेली."

हजारी सर आले, त्यांनीच निवडलेल्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, आठवड्यानं. मॅडमना वाटलं होतं, एखाद्या शिष्याला पाठवतील. पण स्वतः आले, चकचकीत बूट घालून. उंच, किडकिडीत माणूस, प्रयोगशाळेच्या दारात मांजरासारखा बिचकत उभा राहिला. वीस वर्षांत ते संगणकाखेरीज कशाला शिवले नव्हते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मॅडमना तो माणूस तिथेच आवडला.

"वास घ्यायचा नाही," त्यांना मुखपट्टी देत मॅडम म्हणाल्या. "याला मातीचा वास येतो. चांगला वास असतो, म्हणून तर धोका."

काचेच्या बंदिस्त ओट्याशी दोघं बसले. हॉस्पिटलच्या लॅबवाल्या ताईंनी राखून ठेवलेल्या प्लेटा एकेक करून पुढे केल्या. पहिली मॅडमनी उजेडात धरली आणि बाजूला टाकली. "कचरा." दुसरी, "हाही कचरा." तिसरीवर बुरशी होती. चळत उतरत गेली. लॅबवाल्या ताई चुळबुळायला लागल्या. हजारी सर खुर्चीत जरा सैल होऊन बसले. मॅडमना ते दिसलं. आत थोडं हललंही. पण त्यांनी हात भरभर चालवला नाही, जसा चालत होता तसाच चालू दिला.

तळाशी आलेली एक प्लेट त्यांनी उजेडात धरली, आणि मग खाली ठेवलीच नाही.

"सर, जरा जवळ या. काय दिसतं?"

हजारी सर वाकले. "सुरकुत्या," ते म्हणाले.

"कुणाची ही?" मॅडमनी लॅबवाल्या ताईंना विचारलं.

बायकांच्या वॉर्डातली होती. रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम करणारी बाई. साखरेचा आजार जुना, ताप बरेच दिवस, छातीच्या फोटोत डाग. क्षयाच्या गोळ्या चालू. आज सकाळपासून ती नीट बोलत नव्हती.

मॅडमनी जंतू नव्या प्लेटवर घेतला, तीन चकत्या ठेवल्या, झाकण लावलं. "हे उद्या सांगेल. पण आपण वर जाऊ."

वॉर्डातली बाई खाटेत इतकी मावळली होती की चादरीखाली कुणी आहे हे कळायला वेळ लागला. मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"बाई, माझ्या रोपांना पाणी घालायला सांगा हो," ती पुटपुटली. "ते लोक वरवर शिंपतात. मुळाशी जात नाही."

"सांगते," मॅडम म्हणाल्या.

वॉर्डाचे डॉक्टर तरुण होते, दमलेले, आणि वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एका प्लेटवरून मी औषध कसं बदलू, मॅडम? उद्या चकत्यांचा निकाल आला की बघू. आणि तुम्ही म्हणता ते औषध आमच्याकडे नाहीच. शहरातून आणवावं लागतं."

"उद्यापर्यंत ही राहील असं वाटतं तुम्हाला?"

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट एक पायरी उतरला होता. "क्षयाच्या गोळ्या बंद करू नका हवं तर. पण हे औषध आज सुरू करा. चुकलं तर दोन दिवसांत थांबवता येईल, तेवढ्यानं हिचं काही बिघडत नाही. न देऊन चुकलं तर मात्र सुधारायला जागा नाही. केसपेपरवर माझं नाव लिहा. माझ्या सल्ल्यानं दिलं म्हणून."

डॉक्टरांनी पेन काढलं, तरी घुटमळले.

"माझंही लिहा," मागून आवाज आला. हजारी सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मुखपट्टी अजून तोंडावरच होती, काढायचं विसरले होते. "तिच्या खाली. आणि माझी गाडी शहरात पाठवतो, औषध संध्याकाळच्या आत येईल."

मॅडमनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सहलेखक झालात सर. पण याला सायटेशन मिळत नाही हं."

डॉक्टर लिहीत होते, त्यामुळे हसायला तिघांपैकी दोघंच मोकळे होते.

औषध आलं. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तेव्हा जंतू पहिल्या दोन चकत्यांना लगटून वाढला होता आणि तिसरीभोवती स्वच्छ गोल रिंगण होतं. हजारी सरांनी त्या रिंगणाचा फोटो काढला. ताप उतरायला पुढे आठवडा गेला, या तापाची तीच रीत. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बाई उठून बसली आणि रोपवाटिकेचा मुकादम भेटायला आला तेव्हा पाण्यावरून त्याच्याशी भांडली, असं लॅबवाल्या ताईंनी फोनवर सांगितलं. मॅडम तेवढ्यावर निश्चिंत झाल्या. भांडणारा रोगी जगतो, असा त्यांचा अनुभव होता.

रिंगण दिसलं त्याच दिवशी, परतीच्या वाटेला लागण्याआधी, हजारी सर हॉस्पिटलच्या पायरीवर थांबले होते.

"एका प्लेटनं सिद्ध काही होत नाही," ते म्हणाले.

"नाही होत," मॅडम म्हणाल्या.

"पण मला आता तो शब्द लिहिता येणार नाही. पेपर मागे घेतो. नीट करायचं तर प्रत्येक ठिकाणी प्लेटा राखायला शिकवावं लागेल, मग पुन्हा मोजावं लागेल. दोन-तीन वर्षं सहज जातील." ते थांबले. "तुमची समितीची बैठक कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"मी त्यांना पत्र लिहितो."

"लिहा. पण त्यांना पत्र नकोय, आकडा हवाय. तुम्ही शिकवायला माणसं गोळा करा सर. शिकवायला मी येते."

समितीचं पत्रावर चांगलं मत झालं आणि निर्णय आकड्यावर झाला. संचालक स्वतः मॅडमच्या खोलीत सांगायला आले. बोलावून घेऊ शकले असते, पण आले.

"मी भांडलो, मॅडम."

"मला माहीत आहे. बसा, चहा सांगते."

"तुम्ही त्या दिवशी सही केली असती तर..."

"तर तुमच्यासमोर आज जरा अपराधी तोंडानं बसले असते. आता बघा, कशी ऐटीत बसलेय." आणि खरंच त्या ऐटीत बसल्या होत्या. त्यांनी एकच मागितलं, जंतूंचा संग्रह फोडायचा नाही, एका फ्रीझरमध्ये एकत्र ठेवायचा. ते संचालकांनी लिहून दिलं.

खोली रिकामी करायला आठवडा लागला. आतडीवाल्यांची मंडळी फ्रीझर ढकलत न्यायला आली तेव्हा चाकांच्या आवाजानं सगळा मजला दारात आला. मॅडम फ्रीझरच्या बरोबरीनं चालत गेल्या, एक हात त्याच्या अंगावर ठेवून, आजारी माणसाला तपासणीला नेताना नातेवाईक चालतात तशा. रिकाम्या खोलीत फरशीवर त्याच्या जागी एक फिकट चौकोन राहिला होता. मॅडमनी दिवा घालवला, किल्ली दिली. त्या दिवशी घरी येऊन त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. नवऱ्यानं न विचारता त्यांच्या बाजूला खुर्ची ओढली आणि आपलं कोडं घेऊन बसला. वन्संनी पहिल्यांदाच कुणाचं बोलणं न तोडता संध्याकाळ काढली, कारण तोडायला बोलणंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मॅडमनी कोपऱ्यातलं टेबल फारसं वापरलं नाही. हजारी सरांनी शब्द पाळला. त्यांनी हॉस्पिटलं जोडली, मॅडम हिंडल्या. निवृत्ती आली आणि गेली, हिंडणं चालूच. आज या जिल्ह्यात, उद्या त्या. ओट्याशी उभं राहून, प्लेट उजेडात धरून, "घाई करू नका, याला म्हातारा होऊ द्या, मग तो आपणहून ओळख देतो," असं शिकवत. आधी माना हलायच्या, मग फोन यायला लागले. इथे निघाला. आमच्याकडे दोन निघाले. यंदा एकही दगावला नाही.

नवा पेपर यथावकाश निघाला. त्यात तो शब्द नव्हता. मॅडमचं नाव हजारी सरांच्या शेजारी होतं. त्याच्या आधारावर आरोग्य खात्यानं सगळ्या प्रयोगशाळांना एक सूचनापत्रक पाठवलं, त्यात आठवडाभराची आणि तीन चकत्यांची रीत जशीच्या तशी घेतली. सूचनापत्रकावर लेखकाचं नाव नसतं. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी पेपर लिहिले, त्यांनी आधार त्या पत्रकाचा दिला. मॅडमच्या मूळ निबंधाची रेघ जिथे पहुडली होती तिथेच पहुडून राहिली. हजारी सरांनी फोनवर हळहळ केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, विहिरीवरून कुणी पाणी नेलं की खणणाऱ्याचं नाव विचारतं का? पाणी गोड आहे ना, झालं."

"तरी पण," सर म्हणाले.

"तरी पण," मॅडमनी मान्य केलं, आणि विषय बदलला.

मग एकदा वन्संना ताप आला. निवृत्तीनंतर उशिरा त्यांना कुंड्यांचा नाद लागला होता. गच्चीवर दिवसभर काहीतरी उपटून काहीतरी लावत असत. ताप चार दिवस हटेना, तशा मॅडम त्यांना कोपऱ्यावरच्या लहानशा दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मागच्या खोलीत एक तरुण मुलगी होती, नुकती शिकून आलेली असावी. तिनं वन्संच्या दंडाला पट्टा बांधला, नस शोधली आणि सुई टोचता टोचता गप्पा मारायला लागली.

"आजी, साखर आहे ना तुम्हाला?"

"आहे की. वडिलांनी ठेवलेली एवढीच इस्टेट."

"आणि मातीत हात घालता? कुंड्या वगैरे?"

"दिवसभर. का गं? त्यानं काय होतं?"

"काही नाही हो, घाबरू नका. बहुतेकदा काहीच निघत नाही. पण साखर, ताप आणि माती असं तिन्ही असलं की आम्ही जरा जास्त थांबतो. बाटलीत काही उगवलं तर ते प्लेटवर घ्यायचं आणि ती प्लेट आठवडाभर फेकायची नाही. त्या जंतूला सुरकुत्या यायला वेळ लागतो."

मॅडम भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"आणि मग कसा ओळखता?" त्यांनी विचारलं.

"तीन चकत्या ठेवायच्या, काकू. दोघींना जुमानत नाही, तिसरीला घाबरतो. अगदी सोपं असतं."

"अस्सं. हे कुणी शोधून काढलं?"

मुलगी बाटलीत रक्त सोडत होती. तिनं खांदे उडवले. "शोधायचं काय त्यात? सगळीकडे असंच करतात. पहिल्यापासूनच."

वन्संनी मान झटक्यात वळवली. "अगं पोरी, ही कोण बसलीय तुला ठाऊक..."

"वन्सं," मॅडम म्हणाल्या आणि उठून त्यांच्या दंडावर हात ठेवला. "कापूस घट्ट धरा. हलू नका."

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. मुलीनं बाटलीवर नाव आणि तारीख घातली, उजेडात धरून एकदा हलवली, मग उबवणीच्या कपाटात अलगद ठेवून दार लावलं. दार नीट बसलं नव्हतं. तिनं ते पुन्हा उघडलं, आणि आवाज होईपर्यंत दाबून लावलं.

"चांगलं लावलंस," मॅडम म्हणाल्या, आणि वन्संना हात देऊन बाहेर पडल्या.